खंडू देवकातेचं ‘पुढं जाऊन’

खंडू देवकाते माझ्याशी पहिल्यांदा बोलला तो माझ्या नव्या फोनबद्दल. मी कंपनीत लागून आठवडाही झाला नव्हता. मुकुंदवाडीच्या स्टॉपवर शेंद्र्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसची वाट बघत उभी होते. हातातला फोन इतका नवा होता की काचेवरचं प्लॅस्टिकही मी काढलं नव्हतं. शेजारच्या उंच, काटकुळ्या माणसानं हात पुढं केला आणि म्हणाला, “बघू?” ओळख ना पाळख, पण गळ्यात आमच्याच कंपनीचं ओळखपत्र होतं, म्हणून दिला. त्यानं तो उलटसुलट केला, तळहातावर तोलला आणि परत दिला.

“चांगला आहे,” तो म्हणाला. “पण हा शेवटून दुसरा.”

“म्हणजे?”

“ह्याच्यानंतर तुम्ही अजून एक घ्याल. त्याच्या पुढं जाऊन फोन नावाची वस्तूच राहणार नाय.”

“मग काय राहील?”

“तेच तर बघायचंय.”

बस आली. सगळे चढेपर्यंत तो खाली थांबला आणि सगळ्यांच्या शेवटी चढला. पुढं मला कळलं की तो रोजच तसं करायचा. मागच्या सीटवर बसायचा, एकदा सगळ्या बसवर नजर फिरवायचा आणि सांगायचा, “आज कुलकर्णी नाय आले.” त्याचं चुकायचं नाही. शेख म्हणून आमच्या स्टोअरमधला एक जण होता, तो हसून म्हणायचा, “खंडू भाई, तुम हमको भी बकरियां समझते क्या?” खंडूही हसायचा. त्याचं घराणं मेंढपाळ धनगराचं. वडील अजून सिल्लोडकडे मेंढरं घेऊन फिरत होते, आणि कळपाच्या मागून चालायची सवय खंडूच्या पायातून गेली नव्हती. जेवायच्या सुट्टीत आम्ही कँटीनकडे निघालो तरी तो चार पावलं मागं असायचा.

आमच्याकडे वॉशिंग मशीनची सर्किटं बनायची, आणि ट्रकमध्ये बसवायचे ट्रॅकर, म्हणजे गाडी कुठं आहे ते मालकाला फोनवर दाखवणारी लहानशी डबी. खंडू टेस्टिंगला होता. डिप्लोमा झालेला, कामाला चोख. पण त्याचं खरं काम बसमध्ये सुरू व्हायचं. मुकुंदवाडी सुटली की कुणीतरी विषय काढायचं, आणि खंडू “पुढं जाऊन” म्हणून सुरू व्हायचा.

“पुढं जाऊन तुमचा फोन माझ्या फोनशी परस्पर बोलंल. तुमच्या फोनला माहीत असंल तुम्ही काय म्हणणार, माझ्या फोनला माहीत असंल मी काय म्हणणार. दोघांचं छान चालंल. संध्याकाळी आपल्याला सांगतील, आज अमकं अमकं बोलणं झालं, तुम्ही दोघं खूष आहात.”

“आणि आपण?”

“आपण भाजी आणायला मोकळे.”

कधी तो म्हणायचा की हे सगळे ग्रुप फुगत फुगत जातील आणि मग फुटतील. मग ज्याचा त्याचा एक ग्रुप उरेल, त्यात माणूस तो एकटाच, बाकी सगळी मशीन. वाढदिवसाला हजार शुभेच्छा येतील आणि पाठवणारं कुणीच नसेल. कधी म्हणायचा, घड्याळ नाडी बघून सांगेल की आज तुम्हाला वाईट वाटतंय. “पण का वाटतंय, ते विचारायचं घड्याळाचं काम नाय.” हे तो गंमत म्हणून सांगायचा आणि लोक गंमत म्हणून ऐकायचे. हसणं ओसरलं की तो खिडकीबाहेर बघत बसायचा, जणू ते सगळं त्याला बाहेरच कुठंतरी दिसत होतं.

त्याचे अंदाज चुकायचेही भरपूर. एकदा त्याच्या डोक्यात आलं की पुढं जाऊन फोन चालता चालता चार्ज होणार. मग त्यानं स्वतःच्या बुटाच्या टाचेत काहीतरी बसवलं. वायर पँटच्या आतून खिशापर्यंत. आठवडाभर तो लंगडत चालला. गेटवरचा वॉचमन रोज त्याला बूट काढायला लावायचा आणि पूर्ण लाइन मागं खोळंबायची. शनिवारी मी विचारलं, “किती चार्ज झाला?” तो म्हणाला, “झाला नाय. पण चालणं लई झालं.”

त्याची खोली आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे होती. मी ऑफिसात कागदपत्रं बघायचे; एकदा काही कागदांवर त्याची सही हवी होती म्हणून नवऱ्याला घेऊन गेले तेव्हा पाहिली. एक खाट, एक गॅस, आणि भिंतीवर लांबलचक फळी. फळीवर जुन्या बाजारातून आणलेल्या बंद पडलेल्या वस्तू ओळीनं मांडलेल्या: पेजर, कॅसेटचा वॉकमन, आकडे पुसट झालेली डिजिटल डायरी, बटणांचे कितीतरी फोन. मी बघत राहिले तसा तो म्हणाला, “ही सगळी एकेकाळची पुढं जाऊन आहेत, मॅडम.”

दुसरी खुर्ची नव्हती. आम्ही दोघं खाटेवर बसलो आणि तो उभाच राहिला. त्याचं लग्न झालं होतं, पण बायको नांदली नाही, एवढं शेखनं सांगितलं होतं. खंडूनं तो विषय कधी काढला नाही, मीही नाही. आई लहानपणीच गेलेली. बहीण जालन्याकडे दिलेली. फोनवर मात्र त्याचे शेकडो मित्र होते. स्वतः तो काही टाकायचा नाही. सगळ्यांचं बघायचा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी त्याची जन्मतारीख एक जून लिहिली होती, तशी त्यांच्या वाडीतल्या सगळ्यांचीच लिहिली होती. त्यामुळे एक जूनला त्याच्यासकट निम्म्या ओळखीच्यांचा वाढदिवस असायचा. त्या दिवशी तो बसमध्ये मान खाली घालून एकेकाला शुभेच्छा पाठवत बसायचा, आणि तिकडून तेही त्यालाच पाठवत असायचे.

वडिलांना तो दादा म्हणायचा. दादांकडे बटणांचा फोन होता, पण तो कोपरीच्या खिशात बंदच असायचा. रानात चार्ज कुठं करणार, आणि केला तरी बोलणार काय? “हां”, “बरं”, “ठेव”, एवढंच. आज या गावाच्या शिवारात, चार दिवसांनी दुसऱ्याच्या शेतात मेंढरं बसवलेली. दादा नेमके कुठं आहेत हे खंडूला कधीच ठाऊक नसायचं. म्हणून त्यानं ते केलं.

टेस्टिंगमध्ये एका ट्रॅकरच्या डबीला तडा गेला होता. आत सगळं ठीक होतं, पण तो माल विकता येत नव्हता. खंडूनं साहेबांना विचारून तो घेतला, नवी डबी केली, सिमकार्ड घातलं, चामड्याच्या पट्ट्यात शिवला आणि दादांच्या कळपातल्या पुढं चालणाऱ्या एडक्याच्या गळ्यात बांधला. एडक्याचं नाव सरदार. दुसऱ्या दिवशी बसमध्ये खंडूनं आम्हाला फोन दाखवला. नकाशावर सिल्लोडच्या वरच्या अंगाला एक निळा ठिपका होता.

“हे दादा,” तो म्हणाला.

“हा एडका,” शेख म्हणाला.

“तेच ते. एडका तिथं तर दादा तिथं.”

पट्ट्यातल्या बॅटरीला जीव थोडा होता. म्हणून एक रविवार सोडून एक रविवार तो बॅटरी बदलायला जायचा. सकाळची सिल्लोडची एसटी, तिथून कुणाची तरी मोटरसायकल, मग ठिपका दिसेल तिकडे पायी. सोमवारी बसमध्ये तो निराळाच असायचा, रापलेला, मोकळा. दादांचं बोलणं आम्हाला ऐकवायचा. दादा म्हणाले होते, “एडक्याला फोन लावतोस, बापाला लावत नाय.” आणि एकदा म्हणाले होते, “सरदारला बांधलंस तसं तुझ्या गळ्यात बी एखादं बांध. म्हंजे मला बी कळंल तू कुठं हाईस.”

“मग तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं.

“म्हणलं, मी कंपनीत असतो दादा, अजून कुठं असणार. तर म्हणले, व्हय, पण असतोस का नाय, ते दिसंल ना.”

हे सांगताना तो हसला.

त्या पावसाळ्यानंतर त्याच्या डोक्यातून एक चांगली युक्ती निघाली. बागेत लावायच्या सौरदिव्याची चकती काढून त्यानं ती पट्ट्यावर बसवली. आता बॅटरी बदलायची गरज उरली नाही. ऊन आहे तोवर ठिपका चालत राहणार. ती चकती बसवली त्या दिवशी तालुक्यातला एक चॅनेलवाला शूटिंग करायला आला होता, कारण कंपनीनं खंडूचा फोटो आपल्या पानावर टाकला होता. त्यानं खंडूला बोलतं केलं आणि मग माईक दादांपुढं धरून विचारलं, “बाबा, तुम्हाला कसं वाटतं?” दादा म्हणाले, “मला काय इचारता, त्याच्या गळ्यात हाय, त्याला इचारा.” शूटिंग झालं, चॅनेलवाला गेला. व्हिडिओ कुठंतरी टाकला गेला आणि तसाच पडून राहिला.

दिवाळीनंतर आमच्याकडे नवी लाइन सुरू झाली. रविवारीही काम. खंडू सिल्लोडला जायचा थांबला. बॅटरी बदलायची नव्हतीच. रोज सकाळी तो बसमध्ये ठिपका बघायचा, म्हणायचा, “दादा भराडीच्या पुढं गेले,” आणि फोन खिशात ठेवायचा. संक्रांत आली आणि गेली.

मग तो व्हिडिओ चालला. कुणीतरी त्यातलं दादांचं एवढंच वाक्य कापून, मागं संगीत लावून टाकलं आणि ते रानातल्या वणव्यासारखं पसरलं. कंपनीत ज्यानं त्यानं पाहिलं. माझ्या नणंदेनं नाशिकहून मला पाठवलं, “हे तुमच्याकडचे ना?” खंडूला फोनावर फोन यायला लागले. शेळ्यांसाठी पट्टा द्या, म्हशीसाठी द्या. एकानं बायकोसाठी विचारलं. खंडू मला म्हणाला, “पुढं जाऊन हे होणार हे मी म्हणायचो. पण इतक्या लवकर नाय वाटलं.” त्या दिवशी त्यानं फोनमध्ये अशी सोय करून ठेवली की ओळखीच्या नंबरांशिवाय कुणाची घंटी वाजायला नको. दादांचा नंबर ओळखीच्यांत होताच.

दोनेक दिवसांनी, सकाळची गोष्ट. बस चिकलठाण्याच्या पुढं आली होती. शेख म्हणाला, “साळवे मॅडम, पढो ना, लोगां क्या लिख रे.” मी माझ्या फोनवर व्हिडिओ उघडला आणि खालच्या प्रतिक्रिया वाचून दाखवायला लागले. खंडू लाजून खिडकीकडे तोंड करून बसला होता, पण ऐकत होता.

“बाबा एक नंबर. काकांचा स्वॅग. मराठवाड्याची शान. सरदारला मुजरा.” प्रत्येकाला बस हसत होती. “जय मल्हार. लाल बदाम, लाल बदाम, लाल बदाम. खंडू, मी रामदास. दादाला लकवा मारलाय...”

मी थांबले. पुढचं मनात वाचलं. लोक अजून हसतच होते, पुढच्या विनोदाची वाट बघत.

खंडूनं मान वळवली. “वाचा,” तो म्हणाला.

मी फोन त्याच्या हातात दिला. त्यात लिहिलं होतं: “सिल्लोडला दवाखान्यात आणलंय. तू फोन उचलत नाय. वाचलं तर ये.” खाली कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. त्याच्याही खाली पुन्हा बदाम सुरू झाले होते. प्रतिक्रिया परवाची होती.

रामदास म्हणजे दादांबरोबर मेंढरं राखणारा त्यांच्या वाडीचा माणूस. त्यानं नवीन सिम घेतलं होतं, तो नंबर खंडूकडे नव्हता.

खंडूनं माझा फोन मला दिला आणि स्वतःचा काढला. त्यानं रामदासला लावला नाही, बहिणीलाही लावला नाही. नकाशा उघडला. ठिपका सरकत होता.

“पण मेंढरं तर चालायलीत,” तो मला म्हणाला. “बघा ना मॅडम. आज पण चालायलीत.”

शेखनं उठून ड्रायव्हरला बस थांबवायला सांगितली. झाल्टा फाट्याच्या अलीकडे बस कडेला घेतली. शेख म्हणाला, “रुक, मैं आता साथ में.” खंडू म्हणाला, “नको शेखभाई, स्टोअरला कोण बसंल?” तो उतरला, रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि शहराकडे जाणाऱ्या रिक्षाला हात करू लागला. दोन रिक्षा भरलेल्या गेल्या. आमची बस निघाली तेव्हा तो तिथंच उभा होता. माझ्या हातातल्या फोनवर दादा पुन्हा पुन्हा सांगत होते, त्याला इचारा. शेवटी मी तो बंद केला.

नंतर कळलं ते असं. दादा एका विहिरीजवळ पाणी पाजताना पडले. रामदासनं त्यांना उचलून सिल्लोडला आणलं आणि स्वतःच्या भावाला मेंढरांमागं पाठवलं, कारण मेंढरं थांबवून ठेवता येत नाहीत. सरदार नेहमीसारखा पुढं चालत राहिला. दादा वाचले, पण उजवं अंग गेलं, आणि वाचा गेली.

खंडूनं त्यांना मुकुंदवाडीच्या खोलीत आणलं. मेंढरं रामदासलाच दिली. शेजारची एक बाई दिवसा दादांकडे बघायची, आणि खंडू सुटी झाली की सरळ घर गाठायचा. महिन्याभरानं, सुटी मिळालेल्या एका रविवारी दुपारी मी डबा घेऊन गेले. खाटेवर दादा, पाठीला उशा. आता एक खुर्चीही आली होती. दादांच्या समोर स्टुलावर, तांब्याला टेकवून, खंडूचा फोन ठेवला होता. नकाशा उघडा. ठिपका.

“दादा, ह्या साळवे मॅडम,” खंडू म्हणाला. दादांनी नुसत्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि परत फोनकडे वळले.

“मी घरी असलो की सारखं हेच बघतात,” खंडू हळूच म्हणाला. “आधी हात लावायचे नाय त्याला. आता फोन काढून घेतला तर रागावतात.” मग वडिलांकडे वाकून मोठ्यानं म्हणाला, “दादा, आता तेल्याच्या मळ्यात हायेत. इथून नदीकडं उतरतील, व्हय ना?”

दादांनी मान हलवली. नाही. डावा हात उचलून त्यांनी बोट काचेवर वरच्या बाजूला नेलं.

“डोंगराकडं? आत्ता? तिकडं काय हाय ह्या दिवसांत?”

दादांचं बोट तिथंच राहिलं. मी चहा घेऊन निघाले. दुसऱ्या दिवशी बसमध्ये खंडूनं मला आधी फोनच दाखवला. ठिपका डोंगराकडे चढला होता. “इतकी वर्षं मी पुढं जाऊन, पुढं जाऊन करतोय,” तो म्हणाला, “एक धड खरं झालं नाय. दादाचं बघा.” त्याचा चेहरा उजळला होता. त्या काळातला त्याचा तो एकच उजळलेला चेहरा मला आठवतो.

मग ठिपका थांबला. पट्टा काटेरी कुंपणात अडकून तुटला, असं रामदासनं सांगितलं. नवा करायचा तर डबी, सिम, चकती, सगळं आणून तिकडे जायला हवं होतं, आणि दादांना सोडून खंडूला जाता येत नव्हतं. तेव्हापासून घरी जाताना बसमध्ये तो रामदासला फोन लावायला लागला. ज्यानं कधी कुणाला आपणहून फोन लावलेला आम्ही पाहिला नव्हता, तो रोज लावायचा. “रामदास, कुठं हायेस? बरं. कुणाच्या शेतात? बरं.” सुरुवातीला एवढंच. मग हळूहळू वाढलं. “ती लंगडणारी बरी झाली का? पाणी हाय का तिकडं? तुझ्या भावाचं जमलं का लग्न?” शेख मला डोळ्यानं खुणवायचा, बघा म्हणून.

“आता रामदास सांगतो तिथं मी ठिपका हातानं ठेवतो,” खंडूनं मला सांगितलं. “ठेवायची सोय हाय त्यात. दादाला कळत नाय.”

“कळत असेल,” मी म्हणाले.

त्यानं विचार केला. “असंल,” म्हणाला. “पण बघतात.”

दादा उन्हाळ्यात गेले. दुपारी, खंडू कामावर असताना. शेजारच्या बाईंचा फोन आला तेव्हा त्याचा फोन लॉकरमध्ये होता, कारण टेस्टिंगला फोन न्यायची मनाई होती. मग त्यांनी मला लावला. मी टेस्टिंगच्या काचेबाहेर उभी राहिले. त्यानं मान वर करून मला पाहिलं, हातातलं सर्किट जागेवर ठेवलं, कामावर घालायचा मनगटाचा पट्टा काढला आणि बाहेर आला.

त्यानंतरही काही दिवस तो बसमध्ये रामदासला फोन लावायचा. सवयीनं विचारायचा, कुठं हायेस, तिकडून उत्तर यायचं, आणि खंडू म्हणायचा, “बरं.” मग पुढं काय बोलायचं ते दोघांनाही सुचायचं नाही. एके दिवशी त्यानं नंबर काढला, बघितला आणि फोन तसाच खिशात ठेवला. “आता विचारून ठिपका कुणापुढं ठेवायचा?” असं काहीतरी तो पुटपुटला. ते मला उद्देशून नव्हतं.

त्याच्या “पुढं जाऊन”ला खीळ बसली. शेख मुद्दाम उकरून काढायचा, “खंडू भाई, सुना है चश्मे में फोन आ रहा. आगे क्या होनेवाला, बोलो ना.” खंडू म्हणायचा, “आगे का कुछ मालूम नहीं, शेखभाई.” बस मुकुंदवाडीहून शेंद्र्याला आणि शेंद्र्याहून मुकुंदवाडीला नुसती जायची. लोक आपापल्या फोनमध्ये बघत बसायचे. मीही बघायचे.

व्हिडिओचा एक परिणाम मात्र झाला. कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातल्या लोकांना त्या पट्ट्यात काहीतरी दिसलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी मनगटात घालायचं तसंच काही करायचं त्यांनी ठरवलं. एक साहेब आमच्याकडे आले, खंडूला बोलावलं. कागदपत्रांसाठी मीही तिथं होते. साहेब तरुण होते, मनापासून बोलत होते. ते म्हणाले, “देवकाते, तुम्ही हे प्रत्यक्षात वापरलंय. तुमच्या अनुभवातून सांगा, ह्यात काय कमी पडलं?”

खंडूनं टेबलाकडे बघितलं.

“एडका आणि दादा वेगवेगळे निघाले, साहेब,” तो म्हणाला.

साहेबांना ते समजलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी समजावून सांगितलं नाही. शेवटी साहेबांनी त्याला पुण्याला येता का विचारलं, आणि खंडू येतो म्हणाला. मला वाटलं होतं नाही म्हणेल. नंतर मी विचारलं, “जाणार तुम्ही?” तर म्हणाला, “इथं तरी काय हाय, मॅडम?” लगेच त्याला वाटलं असावं की मला लागलं. म्हणाला, “म्हणजे तुम्ही सगळे आहात. पण तुम्ही सात वाजता आपापल्या घरी जाता.”

फळीवरच्या सगळ्या वस्तू त्यानं जुन्या बाजारात परत देऊन टाकल्या. खाट आणि खुर्ची शेजारच्या बाईंना दिली. निघायच्या दिवशी सकाळी मी आणि माझा नवरा त्याला सोडायला मध्यवर्ती बसस्थानकावर गेलो. शेखही येणार होता, पण त्याची पहिली पाळी होती. सामान म्हणजे एक बॅग आणि दोरीनं बांधलेली एक वळकटी. फलाटावर गर्दी होती. सगळे चढेपर्यंत खंडू खाली थांबला, मग चढला. खिडकीजवळची एक जागा रिकामी राहिली होती, तिथं बसला. खिडकीतून तो म्हणाला, “फोन करा मधून मधून.” मी म्हणाले, “तुम्हीच करा.” तो “व्हय” म्हणाला.

आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि बस सुटत नव्हती. अशा वेळी माणसं उगाच इकडेतिकडे बघतात, तसे आम्ही बघत होतो. खंडूच्या शेजारी एक मुलगा बसला होता, कानात छोटी पांढरी बटणं घातलेला, डोळे मिटून. खंडूनं त्याच्याकडे एकदा बघितलं, दोनदा बघितलं. मग त्याच्या दंडाला हळूच हात लावून काहीतरी विचारलं. मुलानं डोळे उघडले, एका कानातलं बटण काढलं आणि प्रश्नार्थक बघितलं. खंडूनं पुन्हा विचारलं. इंजिन सुरू झालं होतं, तरी मला ऐकू आलं.

“कुठं जायचं तुम्हाला?”

“पुणे,” मुलगा म्हणाला आणि बटण परत कानात घातलं.

पूर्ण बस पुण्यालाच चालली होती. खंडूनं मात्र नवीन काही कळल्यासारखी मान हलवली.